मराठी लिंका जुळवताना: दोन यूआरएल एकच आहेत का, हे नीट कसं तपासायचं

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. खाली जिथे जिथे टक्क्याच्या चिन्हापुढे हेक्स कोड (म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेला एकेक बाइट) आलेत तिथली इंग्रजी अक्षरं आणि आकडे मी देवनागरीत लिहिलेत, म्हणजे अक्षरं ए, बी, सी, डी, ई, एफ. तुमच्या स्क्रीनवर ते सगळं रोमनमध्ये दिसेल.

आता हे बघा. ॲड्रेस बारमध्ये दिसतं /पुणे. तिथून कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं की बहुतेक वेळा येतं /%ई०%ए४%एए%ई०%ए५%८१%ई०%ए४%ए३%ई०%ए५%८७. आणि साइट वर्डप्रेसवर असेल तर डेटाबेसमध्ये हेच सगळं स्मॉल लेटरमध्ये पडलेलं असतं. पान एकच, पण प्रोग्रामला विचारलं तर या तीन वेगळ्या स्ट्रिंग. एरवी कोणाला फरक पडत नाही, पण साइट हलवायची वेळ आली, रीडायरेक्टची (जुन्या लिंकवरून नव्याकडे पाठवायची) यादी बनवायची आहे, एकीकडे साइटमॅप, दुसरीकडे सर्व्हरचा लॉग, तिसरीकडे कोणीतरी मेलवर पाठवलेली एक्सेल शीट, आणि तिन्हींचा मेळ बसवायचाय, मग खरी मजा सुरू होते.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे "दोन्ही डीकोड कर (टक्क्यातलं उकलून मूळ अक्षरं कर) आणि तुलना कर". हा सल्ला अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच घातक आहे, कारण बऱ्याच वेळा तो चालतो आणि जिथे चालत नाही तिथे गपचूप चुकीचं उत्तर देतो. यूआरएलचा जो मूळ नियम आहे, २००५ साली आलेला आरएफसी ३९८६, त्यात तुलनेवर अख्खं प्रकरण आहे आणि त्याचा सूर साधा आहे: एकच असलेल्या दोन लिंका चुकून वेगळ्या धरल्या तर फार बिघडत नाही, यादीत एक ओळ जास्त राहते. पण वेगळ्या असलेल्या दोन लिंका एक धरल्या तर एक पान गेलं. म्हणून शंका आली की वेगळं ठेवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने आहेत.

पायरी १: मूळ स्ट्रिंगला हात लावू नका, आणि डीकोड करण्याआधी तुकडे पाडा

शीटमध्ये किंवा टेबलमध्ये मूळ यूआरएलचा कॉलम जसाच्या तसा राहू द्या, साफ केलेलं रूप शेजारच्या कॉलममध्ये. नंतर काही उलटं गेलं तर परत यायला जागा हवी.

मग यूआरएल तोडा: स्कीम (एचटीटीपीएस वगैरे), होस्ट (डोमेन), पोर्ट, पाथ, क्वेरी (प्रश्नचिन्हापुढचं), फ्रॅगमेंट (हॅशपुढचं). तोडल्यानंतरच आतल्या टक्क्यांकडे बघायचं, आधी नाही. कारण सरळ आहे. पाथमध्ये %२एफ असेल तर ती डेटा म्हणून आलेली स्लॅश असते, फोल्डर वेगळे करणारी स्लॅश नव्हे. क्वेरीत %२६ असेल तर तो व्हॅल्यूचा भाग असलेला अँपरसँड आहे, पुढचं पॅरामीटर सुरू करणारा नव्हे. तुम्ही आधीच सगळं उकललं तर "दाल%२६चावल" चे दोन पॅरामीटर होऊन बसतात आणि नंतर कितीही डोकं आपटलं तरी मूळ काय होतं ते कळत नाही. अपाचे सर्व्हर तर पाथमध्ये %२एफ दिसला की मुळात सेटिंग बदललेलं नसेल तर थेट ४०४ (पान सापडलं नाही) देतो, म्हणजे सर्व्हरसुद्धा या दोन स्लॅश एक मानत नाही.

पायरी २: स्कीम आणि होस्ट

हे सोपं काम, पटकन उरका. स्कीम आणि होस्ट स्मॉल करा, कारण तिथे कॅपिटल-स्मॉल फरक नसतो (पाथमध्ये असतो, तिथे हात लावायचा नाही). एचटीटीपीएसला ४४३ आणि एचटीटीपीला ८० हे पोर्ट लिहिलेले असतील तर काढून टाका.

डोमेन देवनागरीत असेल तर दोन्ही बाजू प्युनीकोडमध्ये (डोमेनचं इंग्रजी अक्षरं-आकड्यातलं रूप) नेऊन मग तुलना करा. २०१४ साली सुरू झालेलं .भारत हे डीएनएसला (नावावरून सर्व्हर शोधणारी यंत्रणा) दिसतं एक्सएन--एच२बीआरजे९सी असं. एका यादीत देवनागरी आणि दुसरीत हे एक्सएनवालं रूप, असं हमखास सापडतं. देवनागरीकडे नेण्यापेक्षा एक्सएनकडे नेणं चांगलं, कारण डीएनएसमध्ये खरं नाव तेच आहे.

एक खड्डा मात्र आहे. या रूपांतराचे दोन नियम फिरतायत, २००३ चा आणि २००८ चा. जर्मन भाषेतलं एसझेट अक्षर जुना नियम दोन एस करून टाकतो, नवा तसंच ठेवतो, म्हणजे एकाच नावाची दोन वेगळी डोमेन. आपल्यासाठी यातला महत्त्वाचा भाग म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, तो न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर: जुना नियम तो उडवून देतो, नवा नियम हलन्तानंतर आला असेल तर राहू देतो. पायथनमध्ये आधीपासून असलेला आयडीएनए कोडेक २००३ वाला आहे, २००८ साठी त्याच नावाचं वेगळं पॅकेज टाकावं लागतं. आजचे मोठे ब्राउझर नव्या बाजूला आहेत, तर तुमची स्क्रिप्टसुद्धा तिकडेच असू द्या.

पायरी ३: पाथमधले टक्के एका शिस्तीत आणा

इथे तीन कामं. हेक्समधली अक्षरं सगळी कॅपिटल करा, %ई० चं स्मॉल रूप आणि कॅपिटल रूप हे नियमाने एकच आहेत. मग ज्या कॅरेक्टरना एन्कोड करायची गरजच नव्हती ते उकला: इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन, टिंब, अंडरस्कोर आणि टिल्डे. एवढेच. म्हणजे %७ई दिसला की टिल्डे करा, पण %२एफ, %३एफ, %२३ असले राखीव लोक आहेत तिथेच राहू द्या. तिसरं, जिथे देवनागरी उघडी लिहिलेली आहे तिथे तिचे यूटीएफ-८ बाइट करून टक्क्यात घाला. वाचायला देवनागरी बरी वाटते मान्य, पण तुलना करायची ती टक्क्यातल्या रूपाची.

जावास्क्रिप्टवाले म्हणतील की न्यू यूआरएल (यूआरएल तोडून वाचायची तिथली तयार सोय) केलं की सगळं आपोआप होतं. नाही होत. तो होस्ट स्मॉल करतो, प्युनीकोड करतो, डीफॉल्ट पोर्ट काढतो, एक टिंब-दोन टिंबवाले पाथ सरळ करतो, उघडी देवनागरी टक्क्यात घालतो, पण आधीपासून असलेल्या हेक्सचं कॅपिटल-स्मॉल जसं आलं तसंच ठेवतो आणि %७ई ला हात लावत नाही. वर्डप्रेसच्या डेटाबेसमधून काढलेली यादी आणि क्रोममधून कॉपी केलेली यादी नुसत्या न्यू यूआरएलने जुळवायला गेलात तर मराठी स्लगवाली (स्लग म्हणजे शीर्षकावरून बनलेला लिंकचा तुकडा) पोस्ट सहसा "सापडली नाही" म्हणून येणार. आणि जावामधला जुना यूआरएल क्लास तर वापरूच नका, त्याची इक्वल्स मेथड होस्टची तुलना करायला डीएनएसला विचारायला जाते आणि एकाच आयपीवरच्या दोन साइट एकच आहेत असं सांगू शकते. यूआरआय क्लास घ्या.

पायरी ४: हे बाइट नेमके कुठल्या एन्कोडिंगचे आहेत?

टक्क्याचं चिन्ह फक्त बाइट सांगतं, तो बाइट कुठल्या एन्कोडिंगमधला हे यूआरएलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून ओळखावं लागतं, आणि मराठीपुरतं हे चक्क डोळ्यांनी जमतं.

देवनागरीचा अख्खा ब्लॉक यूटीएफ-८ मध्ये तीन तीन बाइटचा आहे आणि प्रत्येक अक्षराची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशीच होते. म्हणजे म हा %ई०%ए४%एई, आणि दीर्घ वेलांटी %ई०%ए५%८०. लांबलचक यूआरएलमध्ये दर तिसऱ्या जागी ई० दिसत गेला तर ते नीट यूटीएफ-८ आहे, पुढे चला.

त्याऐवजी %सी३%ए०%सी२%ए४ असं परत परत दिसत असेल तर कोणीतरी यूटीएफ-८ चे बाइट विंडोज-१२५२ समजून वाचले आणि परत यूटीएफ-८ केले. हेच पानावर उघडलं की डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाचं ते चार टोकांचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, असा कचरा दिसतो, तो तुम्ही नक्की बघितला असेल. म चं यात होतं %सी३%ए०%सी२%ए४%सी२%एई. उलटं फिरवून मूळ मिळतं, पण काळजीपूर्वक, कारण मधे ८० हा बाइट असेल तर विंडोज-१२५२ त्याला युरोचं चिन्ह समजतो आणि लॅटिन-१ त्याला कंट्रोल कॅरेक्टर समजतो, मग कचऱ्याची दोन रूपं होतात. दीर्घ वेलांटीत हा ८० असतोच, म्हणजे मराठीत हे पदोपदी.

%२५ई०%२५ए४ दिसलं तर डबल एन्कोडिंग: टक्क्याचंच %२५ झालंय. इथे मोह होतो की %२५ संपेपर्यंत फिरवत राहावं. तसं करू नका. "/५०%२५-सूट" ही एकदम खरी लिंक असू शकते, पन्नास टक्के सूट. एकदा उकला, उकलल्यावर ई० ए४ ची साखळी मिळाली तरच डबल धरा, नाहीतर सोडा.

%यू०९२ई असा प्रकार दिसला, म्हणजे टक्क्यापुढे यू, तर तो जावास्क्रिप्टच्या जुन्या एस्केप फंक्शनचा प्रताप आहे. हे स्टँडर्डमध्ये कधीच नव्हतं, डीकोडयूआरआयकंपोनंटला दिलं तर तो सरळ एरर फेकतो. ०९२ई हा म चा युनिकोड नंबर, त्यावरून हाताने बदलून घ्या.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे %२६%२३२३५०%३बी. जुनं पान, मेटा टॅगमध्ये विंडोज-१२५२, त्यावर सर्चचा फॉर्म, कोणीतरी त्यात मराठी टाइप केलं. त्या एन्कोडिंगमध्ये म नाहीच, मग ब्राउझर काय करतो, त्याचा एचटीएमएल एंटिटीवाला नंबर घालतो, अँपरसँड हॅश २३५० सेमीकोलन, आणि तो टक्क्यात बांधतो. ब्राउझर हे बरोबरच करतो, स्टँडर्डमध्ये तसंच लिहिलंय. पाथ कायम यूटीएफ-८ मध्ये जातो, पण क्वेरी मात्र पानाच्या एन्कोडिंगमध्ये जाते. म्हणजे एकाच लिंकचे दोन तुकडे दोन वेगळ्या एन्कोडिंगचे असू शकतात. फ्रेंच कॅफेमधला शेवटचा ई पाथमध्ये %सी३%ए९ आणि त्याच लिंकच्या क्वेरीत %ई९, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर! जुन्या साइटचा लॉग चाळताना हे डोक्यात ठेवा.

यातलं काहीच बसत नसेल आणि बाइट यूटीएफ-८ म्हणून वैध नसतील तर डीकोड करायचंच नाही, टक्क्यातच राहू द्या. इथे पायथन एक वाईट खोड काढतो: त्याचं अनक्वोट फंक्शन काही सांगितलं नाही तर न समजलेल्या बाइटच्या जागी तो काळा प्रश्नचिन्हवाला चौकोन घालतो आणि पुढे जातो. म्हणजे एका लिंकमध्ये %ई८, दुसरीत %ई९, दोन्हींचा झाला तोच चौकोन, आणि तुलना म्हणते "सारखे". दोन वेगळी पानं एक झाली, एररही नाही. अनक्वोट-टू-बाइट्स वापरा, किंवा एरर्समध्ये स्ट्रिक्ट द्या.

पायरी ५: "ऱ्या" चं काय करायचं

सगळं यूटीएफ-८ आहे, हेक्स कॅपिटल आहे, आणि तरी "शेतकऱ्यांसाठी" जुळत नाही. मराठी बातम्यांच्या साइटवर हा शब्द किती लिंकांमध्ये असतो हे वेगळं सांगायला नको, आणि तो टाइप करायच्या तीन पद्धती आहेत ज्या स्क्रीनवर सारख्या दिसतात.

पहिली, ऱ हे एक अखंड अक्षर, युनिकोड ०९३१, मग हलन्त: %ई०%ए४%बी१%ई०%ए५%८डी. दुसरी, साधा र, त्याला नुक्ता (खालचं टिंब), मग हलन्त: %ई०%ए४%बी०%ई०%ए४%बीसी%ई०%ए५%८डी. तिसरी, साधा र, हलन्त, आणि मग तो न दिसणारा जॉइनर: %ई०%ए४%बी०%ई०%ए५%८डी%ई२%८०%८डी. कुठला कीबोर्ड कुठलं रूप देतो ते तुमच्या नशिबावर.

पहिल्या दोन रूपांना युनिकोड एकच मानतं, एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं की दुसरं पहिल्यात जातं. तिसऱ्याला मात्र एनएफसी हात लावत नाही, त्याच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द आहे. म्हणून एनएफसी केल्यावर मराठीसाठी स्वतःचा एक नियम जोडा: र, हलन्त, जॉइनर अशी साखळी दिसली की तिची ऱ आणि हलन्त करायची. जॉइनर सरसकट काढू नका, इथून नुसता काढला तर "ऱ्या" चा रफार होतो आणि वेगळाच, चुकीचा शब्द तयार होतो. काही सिस्टीम स्लग बनवताना तो काढतातच, त्यामुळे रफारवाल्या लिंका पण जुन्या लॉगमध्ये सापडतील, त्या हाताने जोडाव्या लागतात.

असाच दुसरा त्रास ॲ चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ ला वर चंद्र देऊन काम भागवायचे नाहीतर ऍ वापरायचे, आणि यातलं काहीही एनएफसी जुळवत नाही. "ॲप" शब्द असलेल्या जुन्या लिंका शोधताना तिन्ही शोधा. आकड्यांचंही तेच, देवनागरी २०२४ आणि इंग्रजी आकड्यातलं २०२४ ही वेगळी कॅरेक्टर आहेत. कोणी सुचवेल की एनएफकेसी करा, ते जास्त कडक आहे. नको. तेही हे आकडे जुळवत नाही, पण पाथमधले अर्ध्याचे चिन्ह वगैरे मोडून ठेवतं.

ही गडबड येते कुठून? टायपिंगमधून तर येतेच, पण फाइलच्या नावांमधूनही येते. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं मोडून साठवायची, म्हणजे ऱ चा र आणि नुक्ता. अशा मॅकवर झिप केलेलं पीडीएफचं फोल्डर लिनक्स सर्व्हरवर उघडलं की फाइल नुक्तावाल्या नावाने बसते, पानावरची लिंक अखंड ऱ वाली, आणि लिनक्सला बाइटशी मतलब. ४०४. दोन्ही नावं डोळ्यांना शेजारी शेजारी सारखीच दिसतात, माणूस वेडा होतो.

म्हणूनच एनएफसी करून जुळल्या म्हणून लगेच "एकच" म्हणायचं नाही. पाथसाठी हे रूप वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, "बहुधा एकच" म्हणून. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर येणारं शीर्षक स्वतः एनएफसी करून घेतं, तिथे बिनधास्त एक धरा. साध्या फाइल सर्व्हरवर नाही.

पायरी ६: क्वेरी आणि फ्रॅगमेंट

क्वेरी आधी अँपरसँडवर तोडा, मग बरोबरच्या चिन्हावर, आणि मग एकेक तुकडा उकला. फॉर्ममधून आलेल्या क्वेरीत स्पेस म्हणजे प्लस, त्यामुळे प्लस आणि %२० इथे एक धरता येतात. पाथमध्ये मात्र प्लस म्हणजे प्लसच. पॅरामीटरचा क्रम लावून घ्यावा का? तुमची स्वतःची साइट असेल आणि माहीत असेल की क्रमाने फरक पडत नाही तर लावा, दुसऱ्याच्या साइटवर नको. यूटीएम आणि फेसबुकचा एफबीसीएलआयडी हे ट्रॅकिंगवाले पॅरामीटर काढून टाका, त्यांच्यामुळे एकाच बातमीच्या ढीगभर लिंका होतात.

फ्रॅगमेंट सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे पानांची तुलना असेल तर सोडून द्या. विभागापर्यंत जुळवायचं असेल तर मराठी विकिपीडियाच्या जुन्या लिंकांमध्ये टक्क्याऐवजी टिंब दिसेल, .ई०.ए४.एई असं, ते तिथलं जुनं एन्कोडिंग आहे.

पायरी ७: एक्सेल, डेटाबेस आणि कापलेले स्लग

भरपूर लोक हे काम एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावून करतात. त्यात मराठीसाठी तीन अडचणी. व्हीलुकअप कॅपिटल-स्मॉल बघत नाही, त्यामुळे हेक्स जुळतात खरे पण पाथमधला खरा फरकही गिळला जातो. यूआरएलमधलं प्रश्नचिन्ह त्याला "कुठलंही एक अक्षर" वाटतं. आणि शोधायची स्ट्रिंग २५५ कॅरेक्टरच्या वर गेली की व्हॅल्यू एरर. मराठीत एक काना टक्क्यात गेला की ९ कॅरेक्टर खातो, म्हणजे साधारण २८ अक्षर-मात्रांमध्ये तुमची मर्यादा संपली. नेमकी तुलना एक्झॅक्ट फंक्शनने करा, नाहीतर यादी सीएसव्ही करून पायथनकडे द्या. डेटाबेसमध्ये यूआरएलच्या कॉलमला बायनरी कोलेशन (नुसते बाइट बघणारी तुलना) द्या, नाहीतर मायएसक्यूएल स्वतःच्या अकलेने काही अक्षरं सारखी धरतो.

वर्डप्रेसचा स्लगचा कॉलम २०० कॅरेक्टरचा आहे आणि स्लग त्यात टक्क्यातल्या रूपात बसतो. "शेतकऱ्यांसाठी-नवीन-योजना" मोजून बघा: पहिला शब्द १३ अक्षर-मात्रा म्हणजे ११७, हायफन १, नवीन ३६, हायफन १, योजना ४५. बरोबर २००. पुढचं "जाहीर" कापलं गेलं. त्याच शीर्षकाची दुसरी पोस्ट टाकली तर शेवटी हायफन २ साठी जागा करायला आणखी काप बसतो आणि होतं "योजन-२". आणि ऱ नुक्तावाला आला आणि सिस्टीमने तो आधी सरळ केला नसेल तर एक कॅरेक्टर जास्त, म्हणजे पहिल्याच पोस्टचं "योजन". म्हणून शीर्षकावरून स्वतः स्लग बनवून जुन्या लिंकांशी जुळवायला जाऊ नका, डेटाबेसमध्ये जो साठवलाय तोच घ्या.

पायरी ८: निकाल लावणं

शेवटी तीन गठ्ठे करा. पायरी ३ पर्यंतच्या नियमांनी जुळल्या त्या "एकच". एनएफसी, जॉइनरचा नियम, डबल एन्कोडिंग किंवा कचरा दुरुस्त करून जुळल्या त्या "बहुधा". बाकी "वेगळ्या".

"बहुधा" वाल्यांसाठी सर्व्हरलाच विचारा. दोन्ही लिंकांना रिक्वेस्ट मारा, स्टेटस बघा, ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) असेल तर लोकेशन हेडर कुठे पाठवतोय ते बघा, दोन्ही २०० (पान मिळालं) देत असतील तर पानातला कॅनॉनिकल टॅग (पानाची मुख्य लिंक सांगणारा) काय म्हणतो ते बघा. कॅनॉनिकलची तुलना करतानाही परत पायरी १ पासून, तिथेसुद्धा काही साइट उघडी देवनागरी लिहितात आणि काही टक्के. नुसतं दोन्हीकडे २०० आलं म्हणून एक धरू नका, काही साइट न सापडलेल्या पानालाही २०० देतात.

साइट तुमची असेल तर जुळलेल्या सगळ्या रूपांचा ३०१ एकाच रूपाकडे लावा, अखंड ऱ, एनएफसी, यूटीएफ-८. लावल्यावर ब्राउझरमध्ये तपासू नका, ब्राउझर काही वेळा लिंकमध्ये स्वतः फेरफार करून पाठवतो. कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) टक्क्यातली स्ट्रिंग जशीच्या तशी पाठवा, एकदा स्मॉल हेक्सने, एकदा नुक्त्याने, एकदा जॉइनरने. आणि रीडायरेक्टचा नियम स्वतःवरच फिरत नाही ना ते बघा, कारण एक नियम कॅपिटल हेक्सकडे पाठवतोय आणि दुसरा कुठला तरी परत स्मॉलकडे, अशी टोलवाटोलवी सुरू झाली की ब्राउझर "खूप जास्त रीडायरेक्ट" म्हणून हात वर करतो.